जवारी काढणारे हात: मिरजेच्या तानपुऱ्याबद्दल बोलायचंय

खर्जाची_तार

गेल्या महिन्यात आईचा तानपुरा मिरजेला घेऊन गेले होते. आई गेल्यापासून चौदा वर्षं तो माळ्यावर गवसणीतच होता. गवसणी काढली तर खर्जाची तार तुटलेली, एक खुंटी जागीच बसलेली, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, वीतभर चीर आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांच्या खोल खाचा. पुण्यात एका दुकानात दाखवला. त्यांनी उचलूनही पाहिला नाही. म्हणाले, "यात पैसे घालू नका, नवीन घ्या." तसाच परत आणला आणि दोन दिवसांनी मिरजेची गाडी पकडली.

सतारमेकर गल्लीत ज्यांच्याकडे गेले ते चाचा सत्तरीला आलेले. तानपुरा आडवा मांडीवर घेतला, भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी टकटक केली, दांडीच्या मागून हात फिरवला आणि म्हणाले, "हा इथलाच आहे. दांडीचा हा उतार आमच्या गल्लीतला." चीर सांधायला आणि खुंटी बसवायला वाद्य तिथेच ठेवावं लागलं. चार दिवसांनी परत गेले तेव्हा जवारी माझ्यासमोर काढली. जवारी काढणं म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज भरीव करणं.

ते पाहिलं नसतं तर हा धागा काढला नसता. आधी विचारलं, "कुठल्या पट्टीत गाता?" मी सांगितलं, काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. मग घोडी काढून हातात धरली, तिच्या माथ्यावर कानस दोनदा, फार तर तीनदा फिरवली. घोडी परत जागेवर, तारा चढवल्या, एक तार छेडली, मान एका बाजूला कलती करून ऐकली. पुन्हा तारा उतरवल्या, पुन्हा कानस. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडून दिलं. अडीच तास गेले. शेवटी तारेखाली सूत सरकवायला घेतलं. सूत केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आल्याबरोबर ती तार उघडली. आत्तापर्यंत टणटण करणारी तार एकदम भरून वाजायला लागली, तिच्यातून वरचा गंधार ऐकू यायला लागला. आई सकाळी तानपुरा लावायची तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत जो आवाज यायचा तोच हा आवाज. मला तिथे रडू आलं, आणि त्यांनी काही न बोलता पुढची तार घेतली.

जवारीचे त्यांनी जेवढे पैसे घेतले, तेवढे त्याच आठवड्यात मी फोनच्या काचेवर कव्हर बसवायला दिले होते.

त्या खोलीत पूर्वी सहाजण बसायचे, आता दोघं. मुलगा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला जातो. मी विचारलं, हे शिकायला किती वर्षं लागतात? म्हणाले, "कानस चालवायला वर्षात येतं. कुठं थांबायचं ते ऐकू यायला मला दहा वर्षं लागली."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाल्यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अंमल आला, हत्यारांचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब यांनी मिरजेत तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच शिकले, किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, 1937 साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. सुराच्या बाबतीत इतका काटेकोर गवैया गावात असला की तानपुरा बनवणाऱ्याला चालढकल करता येत नाही. मिरजेच्या तानपुऱ्याचं नाव झालं त्यामागे कारागीर आणि गवई यांचा हा शेजार आहे असं मला मनापासून वाटतं.

आता माझा मुद्दा. कारागीर टिकवायचे म्हटलं की आपण "त्यांचा माल घ्या" म्हणतो. पण चांगला तानपुरा पन्नास वर्षं टिकतो. एका घरात एकच घेतला जातो. निव्वळ विक्रीवर ही गल्ली पूर्वीही चालली नसणार. ती चालायची ती दर वर्षी-दोन वर्षांनी वाद्य जवारीला परत यायचं म्हणून. आपण तानपुरे माळ्यावर टाकले आणि ते येणं बंद झालं. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असं वाद्य आहे, आणि ते शेवटचं कारागिराकडे कधी गेलं, हे जाणून घ्यायचंय. आणि आपण मिळून काही करू शकतो का?

---

ठाण्याचा_षड्ज

खूप आतून लिहिलंय. पण माझी बाजू मांडतो, कारण ती अनेकांची असेल.

मी रोज पहाटे फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज करतो. दोन खोल्यांचं घर, त्यात म्हातारे वडील, लहान मुलगी. पाच फुटी तानपुरा ठेवायचा कुठे? गुरुजींकडे लोकलने जातो. सकाळच्या गर्दीत भोपळा घेऊन चढणं म्हणजे भोपळा फोडून घेणं. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, तेव्हापासून माझ्यासारख्या हजारोंचा रियाज त्यावर उभा आहे. त्या यंत्राला मी शत्रू मानत नाही. ते नसतं तर मी गाणं सोडलं असतं.

मात्र एक गोष्ट कबूल करतो. गुरुजींनी परवा मला त्यांचा तानपुरा लावायला सांगितला. आठ वर्षं शिकतोय, आणि मला तो वीस मिनिटं लागेना. जोड, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा, जुळतोय असं वाटायचं आणि पंचम छेडला की कळायचं की जुळलेला नाही. सूर बारीक जुळवायला तारेवरचे मणी खालीवर करताना जो कान तयार होतो तो माझा झालेलाच नाही. ॲपने मला सूर आयता दिला, शोधायला लावला नाही.

मिरजेत भोपळ्याशिवायच्या चपट्या तानपुऱ्या बनतात असं ऐकलंय. त्या खरंच चांगल्या वाजतात का?

---

खर्जाची_तार

@ठाण्याचा_षड्ज, हो, मी तिथे वाजवून पाहिली. पोकळ लाकडी पेटीसारखा चपटा सांगाडा असतो, खांद्याला अडकवून नेता येते. मोठ्या तानपुऱ्याचा घुमारा नाही, पण घोडी तीच, जवारी तीच, लावायचं कामही तेच. तुमच्या घरासाठी योग्य वाटते.

---

मिरजेची_लेक

दोन दिवस विचार करत होते, लिहावं की नाही. मी त्याच गल्लीतली. माझे अब्बा, त्यांचे अब्बा, त्यांच्याही आधीचे याच कामात. मी बँकेत नोकरी करते, भाऊ पुण्यात गाड्यांच्या कंपनीत. घरात आता फक्त अब्बा आणि धाकटे चाचा बसतात.

बाहेरच्यांना वाटतं फोनमुळे धंदा बसला. फोन हे एक कारण. आतली कारणं सांगते.

एक तानपुरा एकट्याने होत नाही. भोपळा कापायचा, भिजवायचा, आतला गर काढून आतून काटक्यांचा ताण देऊन आकारात सुकवायचा, हे एकाचं काम. दांडी कोरायची, गळा बसवायचा, तबली चढवायची हे दुसऱ्याचं. कचकड्याची नक्षी तिसरा करतो. चपडा लाखेचं पॉलिश चौथा. तारा आणि जवारी घरातला सगळ्यात जुना माणूस. यातला एक दुवा तुटला की बाकीचे रिकामे बसतात. आमच्या शेजारचे नक्षीवाले चाचा तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांचं काम पुढे कुणी घेतलं नाही. आता अब्बा साधी पट्टी लावून वाद्य देतात. गिऱ्हाईक म्हणतं, पूर्वीसारखं काम राहिलं नाही.

मग पावसाळा. हवेत ओल असली की लाखेचं पॉलिश पांढरं पडतं, जोड सुकत नाहीत. म्हणजे चार महिने दुरुस्तीवर काढायचे. आणि दुरुस्तीला वाद्यंच येत नाहीत, हे ताईंनी लिहिलंय ते अगदी खरं आहे.

आणि उधारी. मोठ्या शहरातल्या दुकानांना माल जातो. पैसे सहा-सहा महिन्यांनी येतात. काही जण सांगतात, तुमचा शिक्का लावू नका, आम्ही आमचा लावू. म्हणजे ज्याने दहा वर्षं कान तयार केला त्याचं नाव त्या वाद्यावर कुठेच नाही. वाजवणाऱ्याला काही बिघडलं तर तो दुकानात जातो, दुकानदार म्हणतो नवीन घ्या. ताईंच्या पुण्यातल्या अनुभवाचं मला जराही नवल वाटलं नाही. बनवणारा आणि वाजवणारा यांची ओळखच राहिलेली नाही.

एक गोष्ट मला फार लागते. 2023 च्या सप्टेंबरात विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत. अवजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाख कर्ज. चांगली योजना आहे, मी बँकेत बसून तिचे अर्ज पाहते. त्या यादीत सुतार आहे, कुंभार आहे, खेळणी बनवणारा आहे, हत्यारं बनवणारासुद्धा आहे. वाद्यं बनवणारा नाही. आमच्या पूर्वजांनी तलवार सोडून सतार हाती घेतली. तलवारच धरून ठेवली असती तर आज आमचं नाव त्या यादीत बसलं असतं.

---

वारणाकाठ

@मिरजेची_लेक, तुमच्या शिक्क्याच्या मुद्द्यावर लिहितो, कारण त्यावर थोडा तरी उपाय हातात आहे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि मिरजेच्या तानपुऱ्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकनं मिळाली. पेपरात फोटो आले, सत्कार झाले. पण या कायद्यातली मेख लोकांपर्यंत पोचत नाही. मानांकन एखाद्या संस्थेच्या नावे नोंदलं जातं. ते चिन्ह आपल्या मालावर लावायचं तर प्रत्येक कारागिराला "अधिकृत वापरकर्ता" म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर मानांकन गावाला मिळालं आणि कारागिराला काहीच नाही अशी गत होते. नोंदणी दहा वर्षांची असते, मुदतीत नूतनीकरण करावं लागतं.

पैठणीचं बघा, मानांकन असूनही यंत्रमागावरच्या साड्या पैठणी म्हणून सर्रास विकल्या जातात. सोलापुरी चादरीचं तेच. चिन्ह मिळालं, पण ते बघून माल घ्यायची सवय गिऱ्हाइकाला लागली नाही. तानपुऱ्याचं गिऱ्हाईक मात्र मोजकं आणि जाणकार आहे. गाणं शिकवणाऱ्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एवढं जरी सांगितलं की वाद्य घेताना दांडीवर कारागिराचं नाव आहे का ते बघा, तरी फरक पडेल. साड्यांच्या बाजारात हे होणं कठीण, इथे होऊ शकतं.

तुमच्या घरच्यांनी ही नोंदणी केली आहे का?

---

मिरजेची_लेक

चाचांची झाली. अब्बांची कागदपत्रं मी या महिन्यात करते आहे. खरं सांगायचं तर मी स्वतः बँकेत असून हे इतके दिवस केलं नाही, याची मला खंत आहे.

---

भीमाकाठचा

मी मंगळवेढ्याकडचा. गाण्यातलं मला कळत नाही, पण तुम्ही ज्या भोपळ्याबद्दल बोलताय तो आमच्या वावरात पिकायचा.

हा खायचा भोपळा नव्हं, कडू जातीचा. जनावर तोंड लावत नाही आणि सुकल्यावर कीडसुद्धा लवकर लागत नाही. पावसाच्या तोंडावर बी टोकायचं, वेल जमिनीवर सोडायचा. फळ धरलं की रोज नजर ठेवायला लागते. एका कुशीवर पडून राहिलं तर तिकडून चपटं होतंय, कुजतंय. म्हणून खाली कोरडं गवत घालून फळ नीट बसतं करायचं. आमची आजी हे काम करायची, पोरगं झोपवावं तसं. वेल वाळला तरी फळ तिथंच ठेवायचं, पार उन्हाळ्यापर्यंत, मग ते आतून खुळखुळायला लागतंय. तवा मिरजेची माणसं यायची. दोरीनं घेर मोजायची, कानाशी धरून वाजवून बघायची. पन्नास इंच घेराचं, गोल, बिनडागी फळ शंभरात थोडीच निघत्यात. त्याला ते मागू तो भाव द्यायचे. बाकीची लहान सतारीला, डाग असलेली मातीमोल.

उजनीचं पाणी आलं आणि ऊस आला. ऊस लावला की कारखाना नेतोय, बिल येतंय. भोपळ्याला वर्षभर जमीन अडकवायची आणि शेवटी किती फळं निघतील याचा भरवसा नाही. 2020 च्या ऑक्टोबरात भीमेला पूर आला, आमच्या वेलावरचं सगळं गेलं. त्यानंतर वडलांनी लावलंच नाही.

मला वाटायचं की मिरजेवाल्यांना आता भोपळा लागतच नसंल. हे वाचून कळलं की लागतोय. बी आमच्याकडं अजून हाय, आजीनं गाडग्यात राखेत ठेवलेलं. उगवंल का ते बघायला लागंल.

---

मिरजेची_लेक

@भीमाकाठचा दादा, तुमचा प्रतिसाद अब्बांना वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, कुठल्या गावचे? मोठा गोल भोपळा मिळेना म्हणून गेल्या वर्षी त्यांनी एक ऑर्डर परत केली. दादा, बी टाकून बघाच. बांधाकडेला पाच-दहा वेल जरी लावले तरी अब्बा म्हणतात आम्ही अर्धे पैसे लावणीलाच देऊ. निरोपातून संपर्क पाठवते.

---

दूरदेशी_गंधार

मी न्यू जर्सीत गाणं शिकवते, मूळची सांगलीची. माझ्याकडे मिरजेचे तीन तानपुरे आहेत. धागाकर्तीचा प्रश्न वाचून उठले आणि तिघांच्या घोड्या पाहिल्या. एकाची जवारी सहा वर्षांपूर्वी काढलेली, बाकी दोघांची त्याहून आधी.

इथली अडचण हिवाळ्यात सुरू होते. घर तापवलं की हवा इतकी कोरडी होते की तबली आणि भोपळ्याचा सांधा बोलायला लागतो. पहिल्या वर्षी रात्री "टक्" असा आवाज झाला आणि सकाळी तबलीला चीर. तेव्हापासून वाद्याच्या खोलीत पाण्याचं यंत्र लावते.

वाद्य मायदेशी पाठवून दुरुस्त करून आणणं परवडत नाही. मध्यंतरी शिसवीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते. 2017 पासून खुंटीला किंवा घोडीला शिसव असलं तरी कागदपत्रांची झंझट असायची. 2019 च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर पाठवणाऱ्यांनी धसका घेतला होता. माझ्या ओळखीच्या दोघींनी त्याच काळात मोठा तानपुरा घ्यायचा बेत रद्द करून इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला. ती गिऱ्हाइकं कायमची गेली.

माझ्याकडे तेवीस विद्यार्थी आहेत. दर उन्हाळ्यात निदान सात-आठ कुटुंबं भारतात जातात. आजपर्यंत मी त्यांना कधी म्हटलं नाही की मिरजेला एक दिवस काढा. महालक्ष्मीला जातात, गोव्याला जातात, आणि मिरज तर कोल्हापूरच्या शेजारीच. पुढच्या सत्रापासून मी हे सांगणार. मुलाने एकदा ती जवारी निघताना पाहिली तर त्याला खर्ज म्हणजे काय ते मी सहा महिन्यांत शिकवते त्यापेक्षा जास्त कळेल.

आणि एक विनंती मिरजेच्या कारागिरांना. प्रत्येक वाद्याबरोबर एक जास्तीची घोडी, त्याच वाद्यावर जवारी काढून ठेवलेली, विकत द्या. आम्ही आनंदाने जास्त पैसे देऊ. घोडी बदलणं आम्हाला जमतं, घासणं जमत नाही.

---

मिरजेची_लेक

ही घोडीची कल्पना अब्बांना पटली. फक्त ते म्हणाले की पूर्वी सांबरशिंगाची घोडी वर्षानुवर्षं जायची. ते कायद्याने बंद झालं ते योग्यच झालं. आता उंटाचं हाड किंवा शिसव, त्यावर खाचा लवकर पडतात. म्हणून जास्तीची घोडी हवीच.

---

स्पष्ट_बोलतो

थोडं कडवट लिहितो, पण मनातलं लिहितो. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. "परंपरा टिकली पाहिजे" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्यांची मुलं कधी मागावर बसलेली पाहिली नाहीत. चाचांचा मुलगा एमआयडीसीत गेला, त्याला महिन्याच्या महिन्याला पगार आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, आजारी पडला तर विमा आहे. त्याने कानस धरून उधारीची वाट बघत बसावं असं आपण म्हणायचं का? मला ते म्हणवत नाही. वाद्यावर प्रेम असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या पोराने त्यासाठी ओढाताण सोसावी ही अपेक्षा वेगळी.

---

मिरजेची_लेक

@स्पष्ट_बोलतो दादा, तुमचं बोलणं मला कडवट वाटलं नाही. माझ्या घरात हाच वाद दर ईदला होतो.

भाऊ गेला ते बरंच झालं, असं अब्बा स्वतः म्हणतात. कुणी परत यावं असं मी सांगत नाहीये. पण भाऊ सुट्टीत घरी आला की काय करतो माहितीये? सकाळी उठून खाली जातो आणि अब्बांच्या शेजारी बसतो. गेल्या बकरी ईदला त्याने एका सतारीची जवारी काढली. अब्बांनी ऐकली आणि घोडी परत त्याच्या हातात दिली, म्हणजे अजून थोडी. तीन वेळा दिली. चौथ्यांदा घेतली.

त्याला काम येतं, दादा. त्याला महिन्याचा भरवसा नाही. महिन्याला ठरावीक एवढी दुरुस्ती येईल, ती रोखीने येईल, हे कुणी दाखवून दिलं तर तो स्वतः हिशोब करेल आणि ठरवेल. आमची भीक मागायची इच्छा नाही आणि कुणी कळवळून नवीन वाद्य घ्यावं अशीही नाही. तुमच्या घरात जे वाद्य आहे ते वाजतं ठेवा आणि त्याच्या कामाचे योग्य पैसे द्या, एवढंच.

---

स्पष्ट_बोलतो

हे मला मान्य आहे. भरवशाचं काम आधी, मग परंपरेची गोष्ट. या क्रमाने कुणी बोलत असेल तर मी सोबत आहे.

---

कल्याणची_सोहनी

आमच्याकडे आम्ही काय केलं ते सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

आमचं छोटं संगीत मंडळ आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की वाद्यं मिरजेला नेता येत नाहीत तर कारागिरांना इकडे बोलवू. पूर्वी हे कारागीर मोठ्या शहरांत फेऱ्या करायचेच, गवयांच्या घरी मुक्काम असायचा. ती पद्धत कमी झाली, कारण कुठल्या घरात वाद्य आहे ते त्यांना कळेनासं झालं. म्हणून आम्ही आधी यादी केली. सोसायट्यांच्या ग्रुपवर लिहिलं, शाळांतल्या संगीत शिक्षकांना फोन केले. आम्हाला वाटलं होतं दहाएक वाद्यं निघतील. एकेचाळीस निघाली. त्यातले निम्म्याहून जास्त तानपुरे कपाटावर, पलंगाखाली. एका शाळेत दोन तानपुरे प्रयोगशाळेच्या अडगळीत होते.

दोघं कारागीर आले, सहा दिवस राहिले. राहणं-जेवण एका सदस्याच्या घरी, प्रवासखर्च मंडळाचा, आणि कामाचे पैसे ज्याचे त्याने रोख तिथेच द्यायचे. दर आधीच ठरवून कागदावर लावला होता, त्यामुळे घासाघीस झाली नाही. दिवसाला सहा-सात वाद्यांच्या वर घ्यायची नाहीत हे मात्र नंतर ठरलं. पहिल्या दिवशी आम्ही दहा दिली होती, संध्याकाळी त्यांनीच सांगितलं की दिवसभर ऐकून कान थकला, आता जे काढू ते चुकेल. दुसऱ्या दिवशीपासून कमी केली.

भोपळा फुटलेली चार वाद्यं ते मिरजेला घेऊन गेले, दीड महिन्याने परत आली. आणि ज्यांनी दुरुस्त करून घेतली त्यातल्या अकरा जणांनी गाण्याचा क्लास पुन्हा सुरू केला. हे आमच्या डोक्यातही नव्हतं. वाद्य घरात वाजायला लागलं की माणूस त्याच्याजवळ जातोच.

यंदा पुन्हा बोलावतोय. गेल्या वर्षी जमलं नाही, कारण यादी करणारी मीच होते आणि माझ्या घरी आजारपण होतं. हे एका माणसावर ठेवू नका, एवढी सूचना.

---

खर्जाची_तार

@कल्याणची_सोहनी, हेच हवं होतं. पुण्यात यादी करायला मी तयार आहे. कोथरूड, सहकारनगर, चिंचवड या भागांतून मला आत्तापर्यंत निरोपातून सतरा वाद्यांची माहिती आली आहे. त्यातल्या पाच सतारी, बाकी तानपुरे. दिवाळीनंतर, म्हणजे पाऊस संपून पॉलिशचं कामही होईल असे दिवस धरू. @स्पष्ट_बोलतो, दर ठरवताना तुम्ही आमच्यात असावं असं मला वाटतं. @मिरजेची_लेक, दर तुमच्या घरच्यांनी सांगायचा, आम्ही नाही.

---

ठाण्याचा_षड्ज

ठाण्यातून मी नाव देतो. माझ्याकडे वाद्य नाही, पण गुरुजींकडे दोन आहेत आणि त्यांच्या जुन्या शिष्यांकडे आणखी असतील. चपटी तानपुरीही सांगितली आहे, अर्धे पैसे आज पाठवले. काळी एक पट्टी.

---

भीमाकाठचा

बी काढलं. गाडग्यात चाळीसभर निघाल्या. धा भिजत घातल्या होत्या, सहांना मोड आलाय. फोटू टाकलाय.

---

मिरजेची_लेक

अब्बांनी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला, दादा.

पुण्याच्या तारखांसाठी भाऊ चार दिवस रजा टाकतोय. अब्बा आणि तो, दोघं येतील. दर दोन दिवसांत कळवते.

तोवर ज्यांनी माळ्यावरून वाद्यं काढली असतील त्यांनी एवढं करा. तारा एकदम सगळ्या सोडू नका, थोड्या थोड्या सैल करा. घोडी निसटली असेल तर ती शोधा, माळ्यावर गवसणीच्या तळाशी सापडते, आणि कापडात वेगळी बांधून ठेवा. घोडी अजून जागेवर असेल तर तबलीवर तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक खूण करा, म्हणजे अब्बांना जुनी जागा शोधावी लागणार नाही. भोपळा ओल्या फडक्याने पुसू नका. आणि वाद्य कुणाचं होतं, कुठल्या पट्टीत वाजायचं, ते आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून गवसणीत ठेवा. अब्बा ते आधी विचारतात.